देवाच्या दासांचा दास : एका पदवीचा उगम आणि अर्थ

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायन्याला फार महत्त्व असे. पत्र वडिलांना आहे की धाकट्याला, गुरूला आहे की सावकाराला, हे पहिल्या ओळीवरूनच कळत असे. ‘तीर्थस्वरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजमान्य राजेश्री’ या शब्दांनी लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील अंतर आधीच मोजून ठेवलेले असे. पुढे इंग्रजी अमदानीत सरकारी अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असे लिहिण्याची रीत पडली. लिहिणाऱ्याने कोणाची आज्ञा कधी पाळली होती की नाही, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. मायन्यात माणूस स्वतःविषयी सर्वांत मोठे विधान करतो, आणि त्याच विधानाकडे वाचणाऱ्याचे सर्वांत कमी लक्ष असते.

ख्रिस्तसभेच्या दप्तरातही असा एक मायना आहे. शिशाच्या मुद्रेने अंकित होणाऱ्या पोपमहोदयांच्या आज्ञापत्रांचा आरंभ शतकानुशतके एकाच साच्यात होत आला आहे : प्रथम पोपचे नाव, मग ‘बिशप’ हा एकच अधिकारवाचक शब्द, आणि त्यानंतर ‘सेर्वुस सेर्वोरुम देई’ ही लॅटिन पदवी. तिचा अर्थ ‘देवाच्या दासांचा दास’. या ओळीत नावापुढे पहिला, दुसरा असा राजेशाही क्रमांकही घालीत नाहीत. व्हॅटिकनच्या वार्षिक निर्देशिकेत पोपच्या पदव्यांची यादी दिलेली असते. रोमचे बिशप, येशू ख्रिस्ताचे प्रतिनिधी, प्रेषितश्रेष्ठाचे वारस, विश्वव्यापी ख्रिस्तसभेचे परमाध्यक्ष, व्हॅटिकन राज्याचे अधिपती अशा भारदस्त नामावलीच्या अखेरीस ही पदवी येते. सर्वांत शेवटी यावे, हे तिच्या स्वभावाला साजेसेच आहे.

ही पदवी आपण इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यातील शब्दांचा धक्का आता आपल्याला बसत नाही. नम्रतेचे एक सुंदर सुभाषित म्हणून आपण ती स्वीकारतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे सुभाषित म्हणून न पाहता एक वाक्प्रयोग म्हणून पाहावयाचे आहे. तो कोठून आला, कोणी कोणाविषयी वापरला आणि त्याच्या छायेत काय काय घडले, हे तपासल्यावाचून त्याचा अर्थ हाती लागणार नाही.

पहिला शब्द ‘सेर्वुस’. रोमन साम्राज्यात या शब्दाला सेवाभावाचा सुगंध नव्हता. सेर्वुस म्हणजे विकत घेतलेला, युद्धात पकडलेला किंवा गुलामाच्या पोटी जन्मलेला माणूस. कायद्याच्या दृष्टीने तो मालमत्तेत जमा होता. त्याला विकता येई, भेट देता येई, मृत्युपत्रात वाटून टाकता येई. पगार घेऊन काम करणारा आणि नको झाल्यास नोकरी सोडणारा जो ‘सेवक’ आज आपल्या डोळ्यांसमोर येतो, त्याचा या शब्दाशी दूरचाच संबंध आहे.

दुसरी गोष्ट या शब्दांच्या रचनेची. हिब्रू भाषेत एखाद्या गोष्टीची पराकाष्ठा दाखवायची झाली की तोच शब्द षष्ठी विभक्तीत पुन्हा योजतात. ‘गीतांचे गीत’ म्हणजे सर्वोत्तम गीत. म्हणूनच आपल्या मराठी बायबलमध्ये त्या ग्रंथाला ‘गीतरत्न’ हे समर्पक नाव मिळाले. ‘पवित्रांतले पवित्र’ म्हणजे परमपवित्र स्थान. ‘राजांचा राजा’ म्हणजे आपला राजाधिराज. या न्यायाने ‘दासांचा दास’ म्हणजे दासांतला दास, ज्याच्याखाली आणखी कोणी उरत नाही असा अगदी तळाचा माणूस.

आणि नेमके हेच शब्द बायबलमध्ये प्रथम कोठे येतात, हे पाहिले म्हणजे मन चरकते. ते एका शापात येतात. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडतो. त्याचा मुलगा हाम ते पाहतो आणि बाहेर येऊन भावांना सांगतो. शुद्धीवर आल्यावर नोहा हामाच्या मुलाला, कनानला, शाप देतो की त्याने आपल्या भाऊबंदांच्या दासांचा दास व्हावे. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात येथे ‘सेर्वुस सेर्वोरुम’ हेच दोन शब्द आहेत. अपराध बापाचा आणि शाप मुलाला, हे या कथेतील कोडे तर आहेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की येथे एक माणूस दुसऱ्याविषयी बोलत आहे. वरचा खालच्याला आणखी खाली ढकलीत आहे. या शापाचा आधार घेऊन पुढील काळात आफ्रिकेतील लोकांच्या गुलामगिरीचे समर्थन करण्यात आले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

मग शापाची पदवी झाली कशी? या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानात आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे भाऊ येशूकडे त्याच्या वैभवात उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. इतर दहा जणांना त्यांचा राग येतो. कदाचित आपण आधी मागितले नाही म्हणूनही असेल! येशू सर्वांना जवळ बोलावतो आणि सांगतो, की परराष्ट्रीयांचे अधिपती सत्ता गाजवतात, तुमच्यामध्ये तसे असता कामा नये. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, ज्याला पहिले व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे. मूळ ग्रीकमध्ये येथे दोन वेगळे शब्द आहेत. ‘डायकोनोस’ म्हणजे पंक्तीत वाढणारा, हाताखाली काम करणारा सेवक. ‘डूलोस’ म्हणजे गुलाम. मोठेपणासाठी पहिला शब्द, अग्रस्थानासाठी दुसरा. जागा जसजशी वर जाते, तसतसा शब्द खाली उतरतो. शेवटी मनुष्याचा पुत्र स्वतःकडे बोट दाखवतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे त्या काळी घरातील दासाचे काम होते.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या मायन्यातच स्वतःला ख्रिस्त येशूचा ‘डूलोस’ म्हटले आहे. करिंथकरांस लिहिताना तो आणखी एक पायरी उतरतो आणि येशूसाठी आपण तुमचेच दास आहोत असे सांगतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर देवाच्या पुत्रानेच दासाचे रूप धारण केल्याची घोषणा आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन आपल्या काही पत्रांच्या आरंभी स्वतःला ख्रिस्ताचा आणि त्याच्या दासांचा दास म्हणवीत. त्यांच्यानंतर आफ्रिकेतीलच संत फुल्जेन्शियस यांनीही तसाच मायना वापरला. तेव्हा ही पदवी रोमच्या कचेरीत जन्मलेली नाही. ती शुभवर्तमानाच्या वळणाने, आफ्रिकेच्या वाटेने रोमला आली. नोहाने दुसऱ्यावर लादलेले शब्द येथे माणसाने आपण होऊन स्वतःवर घेतले, आणि शापाचे व्रत झाले.

पोपपदाशी ही पदवी कायमची जोडली गेली ती पहिल्या ग्रेगरींमुळे. इतिहास त्यांना ‘थोर ग्रेगरी’ म्हणतो. ते रोममधील एका खानदानी, धनाढ्य घराण्यात जन्मले आणि तरुणपणीच त्या शहराचे सर्वोच्च मुलकी अधिकारी झाले. इ. स. 575 च्या सुमारास त्यांनी हे वैभव सोडले, सेलियन टेकडीवरील वडिलोपार्जित वाड्याचा संत आंद्रेयाच्या नावाने मठ केला आणि त्यात ते साधे मठवासी म्हणून राहू लागले. पुढे पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांना काही वर्षे कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी काढावी लागली. इ. स. 590 मध्ये रोममध्ये महामारी पसरली, पोप दुसरे पेलाजियस तिला बळी पडले, आणि ग्रेगरींच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या गळ्यात पोपपदाची माळ पडली. बाहेर लोम्बार्डांच्या टोळ्या, आत दुष्काळ आणि निर्वासितांचे लोंढे अशी रोमची अवस्था होती.

याच काळात कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील प्रमुख धर्माध्यक्ष, चौथे योहान हे स्वतःला ‘इक्युमेनिकल’ म्हणवून घेऊ लागले. या योहानांना लोक त्यांच्या कडक उपासांमुळे ‘उपासक योहान’ म्हणत. पेलाजियस यांनी या पदवीला हरकत घेतली होती. ग्रेगरींनी इ. स. 595 मध्ये सम्राट मॉरिस, सम्राज्ञी आणि स्वतः योहान यांना पत्रे लिहून तीव्र निषेध नोंदवला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. एकच बिशप विश्वाचा बिशप असेल तर बाकीचे बिशप उरतच नाहीत. एकाने सर्व मान घेतला, तर सर्वांचा मान गेला.

येथे भाषांतराची एक गंमत झाली होती, ती मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘इक्युमेने’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वस्ती असलेली भूमी. पूर्वेकडील दरबारी भाषेत त्याचा रोख साम्राज्याच्या मुलखाकडे असे. राजधानीचा धर्माध्यक्ष या अर्थाने ती पदवी तिकडे फारशी खटकणारी नव्हती. लॅटिनमध्ये तिचे ‘विश्वव्यापी’ असे भाषांतर झाले आणि तिला एकमेवाद्वितीयत्वाचा वास येऊ लागला. ग्रेगरींना ग्रीक येत नव्हते. एका शब्दाच्या भाषांतराने दोन ख्रिस्तसभांमध्ये केवढी दरी पडू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. पंधराव्या शतकापर्यंत न थांबता तेव्हाच कोणी दोन्ही भाषा जाणणारा विवेकी माणूस मध्ये पडला असता तर, असे वाटून जाते.

ग्रेगरींचे नवव्या शतकातील चरित्रकार डीकन योहान सांगतात, की या अहंकाराला उत्तर म्हणून ग्रेगरींनी ‘देवाच्या दासांचा दास’ ही पदवी धारण केली. कथा आकर्षक आहे आणि म्हणूनच ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु तिच्यात एक अडचण आहे. वादाचा भडका उडाला त्याच्या आधीच, पोपपदावर येताच, ग्रेगरी हा मायना वापरीत होते. ते डीकन असतानाच्या इ. स. 587 मधील एका दानपत्रातही तो असल्याचे अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे कोणाला खाली दाखवण्यासाठी त्यांनी ती पदवी घडवली नव्हती. हा तपशील महत्त्वाचा आहे. नम्रता जर दुसऱ्याच्या गर्वाला मारलेला टोला असेल, तर ती गर्वाचीच धाकटी बहीण ठरते.

ग्रेगरींच्या नम्रतेची खरी कसोटी तीन वर्षांनी लागली. अलेक्झांड्रियाचे पॅट्रिआर्क युलोजियस हे त्यांचे स्नेही. त्यांनी एका पत्रात काही जणांना ती पदवी आपण आता लावीत नाही असे कळवले, आणि त्याच पत्रात ‘आपल्या आज्ञेप्रमाणे’ असे शब्द घालून वर ग्रेगरींनाच ‘विश्वव्यापी पोप’ म्हणून संबोधले. सामान्य माणूस येथे सुखावला असता. शत्रूची पदवी मित्राच्या हातून आपल्याकडे चालत आली होती. ग्रेगरींनी इ. स. 598 मध्ये उलट टपाली दोन्ही शब्द परत पाठवले. ‘आज्ञा’ हा शब्द आपल्या कानांवर नको, कारण पदाने तुम्ही आमचे बंधू आणि शीलाने आमचे वडील आहात, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. बांधवांचा मान काढून घेऊन जो मान मिळतो तो आपण मान समजतच नाही, असेही त्यांनी कळवले. सबंध पदवीचे भाष्य या एका पत्रात सापडते. दुसऱ्याने पदवी घेतली तेव्हा विरोध करणारे पुष्कळ असतात. तीच पदवी स्वतःकडे आली तेव्हा नाकारणारा विरळा.

त्यांच्या दिनचर्येतही या मायन्याचा पुरावा मिळतो. रोममधील गरजूंची नावे लिहिलेली त्यांची मोठी वही नंतरच्या काळातही लॅटरन वाड्यात पाहायला मिळे, असे चरित्रकार डीकन योहान सांगतात. शहरात एक भिकारी मेलेला आढळला, तेव्हा जणू आपणच त्याला मारले असे मानून त्यांनी काही दिवस मिस्सा अर्पण केली नाही, अशी हकीकतही तेच देतात. इ. स. 595 च्या सुमारास मोंटाना आणि थॉमस या रोमन ख्रिस्तसभेच्या दोन गुलामांना त्यांनी मुक्त केले. माणसाला निसर्गाने स्वतंत्र जन्माला घातले असून तारणाऱ्याने दास्याची बेडी तोडण्यासाठीच देह धारण केला, अशी त्या मुक्तिपत्राची भूमिका आहे. तथापि खरे बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे, की ख्रिस्तसभेच्या विस्तीर्ण जमिनींवर त्यांच्याही काळात गुलाम राबत होते आणि त्या व्यवस्थेला त्यांनी मुळापासून हात घातला नाही. स्वतःला ‘सेर्वुस’ म्हणवणाऱ्याच्या अंगणात खरे ‘सेर्वुस’ उभे होते.

नवव्या शतकापासून पोपच्या पत्रांत ही पदवी नियमाने येऊ लागली. मध्यंतरी इतर बिशपांनी आणि काही राजांनीही ती लावून घेतली. बाराव्या शतकापासून मात्र ती केवळ पोपची झाली. येथे टीकाकाराला थोडे थांबावे लागते. नम्रतेची पदवी जेव्हा एकाच माणसाचा हक्क होते, इतरांनी ती वापरू नये असा संकेत रूढ होतो, तेव्हा तिच्यातील नम्रता कोठे जाते? ‘सर्वांत खालची जागा माझी, तेथे दुसऱ्या कोणी बसू नये’ असे म्हणण्यात खालच्या जागेचेच सिंहासन होत नाही काय?

या प्रश्नाचे सर्वांत क्लेशदायक उत्तर 8 जानेवारी 1455 च्या एका आज्ञापत्रात आहे. पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो याला दिलेले हे पत्र ‘रोमानुस पोन्तिफेक्स’ या नावाने ओळखले जाते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बिगरख्रिस्ती लोकांना जिंकण्याचा, त्यांची राज्ये व संपत्ती ताब्यात घेण्याचा आणि त्यांना कायमच्या दास्यात लोटण्याचा आधी दिलेला अधिकार त्यात पुन्हा सांगून पक्का केला आहे. पत्राचा मायना अर्थातच नेहमीचा : निकोलस, बिशप, देवाच्या दासांचा दास. पहिल्या ओळीत ‘सेर्वुस’ आणि आत मजकुरात ‘सेर्वितुस’, म्हणजे दास्य. दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले. एक शब्द लेखणी धरणाऱ्याने स्वतःसाठी अलंकार म्हणून वापरला. दुसरा, ज्यांना ते पत्र कधी वाचताही येणार नव्हते, त्यांच्या पायांत बेडी म्हणून पडला. एवढी जवळ बसलेली ही दोन भावंडे एकमेकांना ओळखू शकली नाहीत, याहून मायन्याचा मोठा पराभव कोणता?

हे पत्र आपल्यापासून दूरचे नाही. अशाच आज्ञापत्रांच्या मालिकेतून पोर्तुगीज राजाला पूर्वेकडील मोहिमांचे आणि तेथील ख्रिस्तसभेच्या पालकत्वाचे हक्क मिळाले. 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई त्यांच्या हाती आली. आपल्या पूर्वजांच्या हाती क्रूस आला तोही याच गलबतांतून. त्याच गोव्याच्या बाजारात गुलामांची उघड खरेदी-विक्री होत असे, हे तेथे येऊन गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. श्रद्धेचा वारसा कृतज्ञतेने सांगताना ही नोंद झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ख्रिस्तसभेने ती कायमची झाकून ठेवलेली नाही, हेही तितकेच खरे. पोप तिसरे पॉल यांनी 1537 मध्ये नव्याने सापडलेल्या भूमीतील लोकांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेऊ नये असे जाहीर केले. 1839 मध्ये आणखी एका ग्रेगरींनी, सोळाव्या ग्रेगरींनी, गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांत भरले जात, तेथे उभे राहून क्षमायाचना केली. 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने 1452, 1455 आणि 1493 च्या आज्ञापत्रांशी निगडित असलेला, भूमी ‘शोधणाऱ्या’चाच तिच्यावर हक्क असतो हा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत नाकारला. उशीर फार झाला; परंतु मायना आणि मजकूर यांचा मेळ घालण्याचा तो एक प्रयत्न होता.

विसाव्या शतकात या पदवीला पुन्हा धार चढली. पोप सहावे पॉल यांनी 1964 च्या नोव्हेंबर महिन्यात आपला तिहेरी मुकुट वेदीवर ठेवून दिला. त्यानंतर कोणत्याही पोपचा मुकुटाभिषेक पाहायला मिळाला असेल तर तो जुन्या चित्रांतच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचे दस्तऐवज उघडून पाहावेत. तेथे सहावे पॉल ‘देवाच्या दासांचा दास’ म्हणून, महासभेतील धर्माचार्यांसह, स्वाक्षरी करतात. ‘सह’ हा छोटासा शब्द येथे मोलाचा आहे. ग्रेगरींनी युलोजियस यांना लिहिलेल्या पत्रातील बंधुभाव त्यात परत आलेला दिसतो. 1995 च्या मे महिन्यात ख्रिस्ती ऐक्यावरील आपल्या विश्वपत्रात दुसरे जॉन पॉल यांनी याच पदवीचा आधार घेतला. अधिकार आणि सेवा यांची ताटातूट होऊ नये यासाठी ही पदवी उत्तम राखणदार आहे, असे सांगून त्यांनी इतर ख्रिस्ती बांधवांची क्षमा मागितली आणि पोपपदाचा अधिकार कशा रीतीने वापरावा याचा विचार आपल्याबरोबर करण्याचे त्यांना आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पवित्र गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. 2015 मध्ये त्यांनी ख्रिस्तसभेला उलट्या पिरॅमिडची उपमा दिली : शिखर पायथ्याच्या खाली. हिब्रू व्याकरणातील ‘दासांतला दास’ या अर्थाचे हे चित्ररूपच म्हणायचे. आणि ज्या ‘इक्युमेनिकल’ शब्दावरून सहाव्या शतकात एवढा वाद माजला, तीच पदवी धारण करणारे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू आणि पोप चौदावे लिओ यांनी 2025 च्या नोव्हेंबरमध्ये प्राचीन निकेया नगरीच्या भूमीवर एकत्र प्रार्थना केली. त्या शब्दात आता कोणाला विष दिसत नाही. पदव्यांचे अर्थ शब्दकोशात ठरत नाहीत. त्या धारण करणारे एकमेकांशी कसे वागतात, यावर ते ठरतात.

आता आपल्या मराठीकडे वळू. आपल्याकडे या पदवीचे भाषांतर बहुधा ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ असे केले जाते. ते चूक नाही. पण ते फार सौम्य आहे. ‘सेवक’ या शब्दाची गेल्या काही दशकांत फार झीज झाली आहे. निवडणुकीच्या प्रत्येक फलकावर एक ‘जनसेवक’ हात जोडून उभा असतो. शुभवर्तमानातील ‘डायकोनोस’ आणि ‘डूलोस’ यांतील पायरीच ‘सेवक’ शब्दाने पुसली जाते. त्या मानाने ‘दास’ हा शब्द अधिक जवळचा, आणि ‘दासानुदास’ हा तर आपल्या संतपरंपरेने घडवलेला तयार दागिना आहे. ‘राजाधिराज’ या शब्दाच्या समोर तो आरशातील प्रतिमेसारखा उभा राहतो.

परंतु ‘दास’ शब्दालाही आपल्याकडे दोन इतिहास आहेत. एक भक्तीचा. तो शब्दाला मऊ करतो. दुसरा खऱ्याखुऱ्या दास्याचा. पेशवाईच्या दप्तरांत बटकी आणि कुणबिणी यांच्या खरेदीच्या, वाटणीच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या लाखो माणसांना ‘तुम्ही दास आहात’ हे कोणी नम्रतेचा पाठ म्हणून शिकवले नव्हते. ते नोहाच्या शापासारखे वरून लादलेले होते. म्हणून हा शब्द योजताना हात जपून चालवला पाहिजे.

या दोन इतिहासांचा सांधा जनाबाईच्या नावात दिसतो. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली आणि आपल्या रचनांत ‘नामयाची दासी’ म्हणून स्वतःची ओळख देत राहिली. देवाच्या दासाची दासी! ग्रेगरींच्या पदवीचाच हा मराठी अवतार. पण दोहोंत मोठा फरक आहे. ग्रेगरी वाड्यातून उतरून त्या शब्दापर्यंत आले. जनाबाई त्या शब्दातच जन्माला आली होती. जाते, शेणी, पाण्याचा हंडा हे तिचे रोजचे जग. तिला ‘नम्र हो’ असे सांगण्याची गरज नव्हती. म्हणून परंपरेने तिच्याविषयी वेगळीच गोष्ट सांगितली : विठ्ठल स्वतः येऊन तिच्याबरोबर दळू लागतो. खालच्याला आणखी खाली न ढकलता वरच्यानेच खाली उतरावे, हा त्या कथेचा न्याय आहे. ख्रिस्ती वाचकाला तेथे शिष्यांच्या पायांशी वाकलेला प्रभू आठवल्यावाचून राहत नाही.

एवढ्या विवेचनानंतर या पदवीचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल असे वाटते. ‘दासांचा दास’ हे शब्द माणसाने स्वतःविषयी उच्चारले तर व्रत होतात, दुसऱ्याविषयी उच्चारले तर शाप होतात. नोहा आणि ग्रेगरी यांच्यात शब्दांचा फरक नाही, बोटाच्या दिशेचा आहे. 1455 च्या पत्राचा अपराधही हाच, की बोट स्वतःकडे वळवून सुरू झालेले वाक्य अर्ध्यावर दुसऱ्यांकडे वळले.

ही कसोटी केवळ रोमसाठी नाही. आपल्या धर्मग्रामात ‘सेवा’ हा शब्द रोज उच्चारला जातो. तो कोण कोणाला सांगतो, हे पाहावे. धर्मगुरूंनी धर्मभगिनींना, पदाधिकाऱ्यांनी साध्या सभासदांना, घरातील पुरुषांनी स्त्रियांना सेवेचे आणि नम्रतेचे माहात्म्य पटवून द्यावे, आणि स्वतःसाठी मात्र पहिली खुर्ची, पहिला हार आणि निमंत्रणपत्रिकेवर आधी नाव राखून ठेवावे, असे घडत असेल तर आपणही तोच मायना घालून तेच पत्र लिहीत आहोत. सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात मांडव घालणारी, जेवणाची भांडी घासणारी, दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन केर काढणारी माणसे बहुधा नेहमीचीच असतात. त्यांना सेवेवर प्रवचनाची आवश्यकता नाही. त्यांच्या शेजारी येऊन झाडू हातात घेणारा कोणी हवा असतो.

आपण आपल्या धर्माचार्यांना ‘गुरू’, ‘महागुरू’ अशी गौरवाची नावे देतो. ती देण्यात प्रेम आणि आदर आहे. ती टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. परंतु मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने पदव्यांविषयी जो इशारा दिला आहे, तो ऐकून घेतल्यावर एवढे तरी करता येईल. आदराची नावे दुसऱ्यांनी द्यावीत, दास्याचे नाव ज्याचे त्याने घ्यावे, आणि या दोहोंची अदलाबदल होऊ देऊ नये. पोपमहोदयांच्या मायन्यातील ती तीन लॅटिन पदे जवळजवळ चौदा शतके हेच सांगत आली आहेत. पुढील मजकूर मायन्याला शोभेसा लिहिण्याचे काम ज्याच्या त्याच्या हाती आहे.